व्यावसायिक जपानी बॅडमिंटन : स्पर्धा-सहभागाचे नियम आणि खिलाडूवृत्तीचा प्रश्न

प्रस्तावना

बॅडमिंटन या खेळाचे नियम प्रथम पुण्याच्या लष्करी छावणीत, १८७३ मध्ये, लिहिले गेले आणि काही काळ हा खेळ 'पूना' याच नावाने ओळखला जात होता, ही माहिती आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. तो अभिमान रास्तच आहे. तथापि खेळाचे नियम आणि स्पर्धेचे नियम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या अभिमानाच्या भरात विसरले जाते. खेळाचे नियम फूल कोठे पडले म्हणजे गुण मिळतो हे सांगतात. स्पर्धेत कोणी उतरावे, त्यास कोणी पाठवावे, गटात बरोबरी झाल्यास पुढे कोणी जावे आणि मैदानाबाहेरील वर्तनासाठी कोणास घरी बसवावे, हे प्रश्न स्पर्धेच्या नियमांचे आहेत. खिलाडूवृत्तीचा ऊहापोह करताना आपण बहुधा खेळाडूच्या मनाकडे बोट दाखवतो. प्रस्तुत लेखात त्याऐवजी सहभागाच्या नियमांकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. खेळाडूचे वर्तन बऱ्याच अंशी या नियमांच्या घडणीतून आकारास येते, हे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

या विवेचनासाठी जपानची निवड केली, त्यास दोन कारणे आहेत. जपानमधील व्यावसायिक बॅडमिंटन हे कारखाने व कंपन्या यांच्या आधाराने उभे राहिले आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात अध्यापन करणाऱ्यांना ही रचना परकी वाटू नये. दुसरे कारण असे की, खिलाडूवृत्तीसंबंधीच्या अलीकडील दोन महत्त्वाच्या प्रकरणांत जपानी खेळाडूंचा संबंध आला, आणि त्यांपैकी पहिल्यात महाराष्ट्रात जन्मलेल्या एका खेळाडूचे भवितव्य गुंतलेले होते.

जपानी बॅडमिंटनशी आपल्या परिसराचा प्रत्यक्ष संबंधही आलेला आहे. मुळा नदीच्या एका तीरावर वाकड आणि दुसऱ्या तीरावर बालेवाडी. तेथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जागतिक कनिष्ठ गट बॅडमिंटन स्पर्धा झाली. मुलींच्या एकेरीच्या अंतिम सामन्यात सायना नेहवालने जपानच्या सायाका सातो हिला २१-९, २१-१८ असे हरवले व हे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. आपल्या स्मरणात सायना राहिली, ते स्वाभाविकच होय. सातो पुढे जपानमधील ज्या व्यवस्थेत वाढली, ती व्यवस्था मात्र समजून घेण्यासारखी आहे.

कंपनी हीच खेळाडूची ओळख

जपानी भाषेत 'जित्सुग्योदान' असा एक शब्द आहे. त्याचा स्थूल अर्थ उद्योगसंस्थेचा संघ. मराठी वाचकास हा शब्द समजावून सांगण्यास फार सायास पडू नयेत, कारण कबड्डी व खो-खो या खेळांत आपल्याकडे 'व्यावसायिक गट' ही संज्ञा याच अर्थाने रूढ आहे. महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, देना बँक अशी नावे धारण करणारे संघ महाराष्ट्राच्या कबड्डी मैदानांनी पाहिले. त्यातील खेळाडू त्या त्या आस्थापनेचे कर्मचारी असत. जपानमधील बॅडमिंटनपटूही असाच एखाद्या कंपनीच्या वेतनपटावर असतो. फरक इतकाच की, आपल्याकडे ही पद्धत काही खेळांपुरती व काही आस्थापनांपुरती राहिली; जपानमध्ये ती बॅडमिंटनचा कणा बनली.

एनटीटी ईस्ट ही दूरध्वनी कंपनी, तोनामी ही मालवाहतूक कंपनी, होकुतो ही बँक, २०२२ मध्ये बिप्रोजी असे नामांतर झालेली निहोन युनिसिस ही संगणक कंपनी, अशा संस्थांचे संघ देशांतर्गत सांघिक लीगमध्ये एकमेकांविरुद्ध उतरतात. रिओ येथे २०१६ मध्ये जपानला बॅडमिंटनमधील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या मिसाकी मात्सुतोमो व अयाका ताकाहाशी या निहोन युनिसिसच्या खेळाडू होत्या. जपानच्या महिलांनी उबेर चषक १९६६ मध्येच जिंकला होता. पुरुषांना थॉमस चषकासाठी २०१४ पर्यंत वाट पाहावी लागली.

या रचनेचे गुण उघड आहेत. खेळाडूस दरमहा वेतन मिळते, सरावाची जागा मिळते, प्रशिक्षक मिळतो, आणि खेळ संपल्यानंतर नोकरी चालू राहण्याची शक्यता असते. दोषही तितकेच उघड आहेत. कंपनीची आर्थिक घडी विस्कटली की संघ डळमळतो. रेनेसास या सेमीकंडक्टर कंपनीचा कुमामोतो येथील नावाजलेला महिला संघ २०१५ मध्ये सैशुन्कान या दुसऱ्या कंपनीकडे गेला, तो कंपनीच्या पुनर्रचनेच्या काळात. संघ टिकला हे सुदैव. चाकणमध्ये मंदीची चाहूल लागताच सर्वप्रथम कशाला कात्री लागते, हे आपल्यापैकी ज्यांचे माजी विद्यार्थी तेथे नोकरीस आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको.

सहभागाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढेच आहे. कंपनीचा खेळाडू आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वतःच्या इच्छेने नाव नोंदवू शकत नाही. जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या नियमानुसार प्रवेशिका राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते. म्हणजे जपानी खेळाडूवर दोन स्वामींची सत्ता चालते. एक कंपनी, जी त्याला वेतन देते. दुसरी राष्ट्रीय संघटना, जी त्याची प्रवेशिका पाठवते. यावर तिसरी सत्ता जागतिक महासंघाची. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'वर्ल्ड टूर' या मालिकेत अग्रमानांकित खेळाडूंना काही स्पर्धा सक्तीच्या केल्या गेल्या. २०२३ ते २०२६ या चक्रात एकेरीतील पहिल्या १५ व दुहेरीतील पहिल्या १० जोड्यांनी सुपर १००० व सुपर ७५० दर्जाच्या सर्व, तसेच सुपर ५०० दर्जाच्या किमान २ स्पर्धा खेळाव्यात, अन्यथा दंड भरावा, अशी तरतूद आहे. सामान्यतः आपण 'भाग घेण्याचा हक्क' असे म्हणतो. येथे भाग घेणे हे कर्तव्य झाले आहे. थकलेल्या खेळाडूने केवळ दंड टळावा म्हणून मैदानात उतरावे आणि पहिल्याच फेरीत अर्ध्यावर सामना सोडावा, तर त्यास अखिलाडू म्हणावे काय, हा प्रश्न येथूनच जन्म घेतो.

वेम्बली, ३१ जुलै २०१२

लंडन ऑलिंपिकमधील महिला दुहेरीचे प्रकरण सर्वश्रुत आहे. तथापि त्याची भारतीय बाजू पुरेशी सांगितली गेलेली नाही. त्या स्पर्धेत बाद फेरीपूर्वी प्रथमच गटसाखळी ठेवण्यात आली होती. चार-चार जोड्यांचे चार गट आणि प्रत्येक गटातून दोन जोड्या उपांत्यपूर्व फेरीत, अशी योजना होती. दुबळ्या देशांच्या खेळाडूंनाही किमान तीन सामने खेळावयास मिळावेत, हा त्यामागील हेतू होता. हेतूस नाव ठेवण्यास जागा नाही.

परंतु बाद फेरीतील जागा आधीच निश्चित केलेल्या होत्या. गटात पहिल्या आलेल्या जोडीची गाठ कोणाशी पडेल व दुसऱ्या आलेल्या जोडीची कोणाशी, हे शेवटचा सामना सुरू होण्यापूर्वीच कळत होते. ३१ जुलै रोजी चीनची एक जोडी डेन्मार्ककडून हरून आपल्या गटात दुसरी आली. परिणामी चीनच्या वांग शियाओली व यू यांग या अव्वल जोडीने आपला शेवटचा सामना जिंकला असता, तर अंतिम सामन्यापूर्वीच चीनची गाठ चीनशी पडणार होती. दक्षिण कोरियाच्या प्रतिस्पर्धी जोडीलाही जिंकण्यात स्वारस्य उरले नव्हते. सर्व्हिस जाळ्यात मारणे, फूल मुद्दाम बाहेर टोलवणे असे प्रकार सुरू झाले. त्या सामन्यातील एका गेममधील सर्वांत लांब रॅली अवघी चार फटक्यांची होती. प्रेक्षक हुर्यो करू लागले. त्यानंतर कोरियाची दुसरी जोडी व इंडोनेशियाची जोडी यांच्या सामन्यातही तेच घडले. १ ऑगस्ट रोजी चारही जोड्या अपात्र ठरवण्यात आल्या. जिंकण्यासाठी सर्वतोपरी प्रयत्न न करणे आणि खेळास हानिकारक ठरेल असे वर्तन करणे, अशी दोन कलमे त्यांच्यावर लावण्यात आली.

याच स्पर्धेत दुसऱ्या एका गटात ज्वाला गुट्टा व अश्विनी पोनप्पा ही भारतीय जोडी होती. ज्वालाचा जन्म वर्ध्याचा, जडणघडण हैदराबादची. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्ण व २०११ च्या जागतिक स्पर्धेतील कांस्य या जोडीच्या नावावर होते. गटात जपानच्या मिझुकी फुजी व रेइका काकिइवा, तैवानच्या चेंग वेन-शिंग व चिएन यू-चिन आणि सिंगापूरची जोडी असे प्रतिस्पर्धी होते. भारतीय जोडी जपानकडून हरली, परंतु तैवानला तिने तीन गेमच्या झुंजीत नमवले. आता जपानने तैवानला हरवले असते तर सिंगापूरविरुद्धच्या विजयाने भारताचा मार्ग मोकळा होता. मानांकनात वरचढ असलेली जपानी जोडी तैवानकडून १९-२१, ११-२१ अशी हरली. भारताने सिंगापूरला हरवले. परंतु तिन्ही जोड्यांचे दोन-दोन विजय झाले आणि फरकाच्या हिशेबात भारतीय जोडी निसटत्या अंतराने तिसरी राहिली.

जपान-तैवान सामना खऱ्या वृत्तीने खेळला गेला काय, याची चौकशी व्हावी अशी लेखी मागणी भारतीय पथकाने केली. ती मान्य झाली नाही. येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद करावयास हवी : फुजी व काकिइवा यांनी जाणूनबुजून हार पत्करली, असे कोठेही सिद्ध झालेले नाही. पहिला गेम अटीतटीचा झाला होता. वेम्बलीच्या इतर दोन सामन्यांत जे उघड्या डोळ्यांनी दिसले, तसे काही येथे आढळले नाही. चांगली जोडीही वाईट दिवशी हरते. त्यामुळे जपानी खेळाडूंवर ठपका ठेवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मुद्दा वेगळा आहे. नियमांची रचनाच अशी होती की प्रामाणिक पराभवसुद्धा संशयास्पद दिसावा. संशयाचे निराकरण करण्याचे साधन कोणाकडे नव्हते; कारण 'सर्वतोपरी प्रयत्न' मोजण्याचे माप अद्याप कोणी तयार केलेले नाही. पंच जाळीची उंची मोजू शकतो. खेळाडूची इच्छा नव्हे.

यापुढील भाग अधिक बोचरा आहे. अपात्र जोड्यांच्या जागी त्यांच्याच गटांतील तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या जोड्यांना बढती मिळाली. त्यांपैकी कॅनडाची जोडी गटातील तिन्ही सामने हरली होती. ती थेट उपांत्य फेरीत पोहोचली. दोन सामने जिंकलेली भारतीय जोडी मात्र घरी परतली, कारण तिच्या गटात कोणी अपात्र ठरले नव्हते. उपांत्य फेरीत कॅनडाला हरवून फुजी व काकिइवा यांनी रौप्यपदक जिंकले. बॅडमिंटनमधील जपानचे ते पहिले ऑलिंपिक पदक. नियमांच्या पोथीत या सर्वांस आधार होता. न्याय कोठे होता, हे सांगणे कठीण आहे.

त्याच दिवशी, म्हणजे ३१ जुलैला, कार्डिफ येथे जपानचा महिला फुटबॉल संघ दक्षिण आफ्रिकेशी शून्य-शून्य असा बरोबरीत राहिला. गटात दुसरे आल्यास कार्डिफमध्येच राहता येईल आणि ग्लासगोपर्यंतचा प्रवास टळेल, म्हणून बरोबरी राखण्यास आपण सांगितले होते, हे प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी सामन्यानंतर स्वतःच सांगून टाकले. त्यांच्यावर कोणतीही कारवाई झाली नाही. एकाच ऑलिंपिकमध्ये, एकाच दिवशी, एका खेळात जो गुन्हा ठरला तो दुसऱ्या खेळात डावपेच ठरला. फुटबॉलच्या खेळाडूंनी निदान चेंडू खेळता ठेवला, असा बचाव करता येईल. तो प्रस्तुत लेखकास पुरता पटत नाही.

जागतिक महासंघाने त्याच वर्षाच्या अखेरीस नियम बदलला. गटविजेत्यांच्या जागा निश्चित ठेवून, दुसऱ्या क्रमांकावरील जोड्यांसाठी गटसाखळी संपल्यावर नव्याने सोडत काढावी, असे ठरले. मुद्दाम हरून आपल्या पसंतीचा प्रतिस्पर्धी मिळवण्याची वाट त्यामुळे बरीचशी बुजली. खेळाडूंना नीतिपाठ देण्यापेक्षा हा उपाय अधिक परिणामकारक होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

बरोबरी सोडवण्याचे गणित मात्र कायम राहिले. टोकियो येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकमध्ये मुंबईचा चिराग शेट्टी व सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी तीनपैकी दोन सामने जिंकले, त्यात तैवानच्या ली यांग व वांग ची-लिन यांच्यावरील विजयही होता. पुन्हा तीन जोड्यांची बरोबरी झाली. गेमच्या फरकावर भारतीय जोडी बाहेर पडली, आणि तिने ज्यांना हरवले त्या तैवानी जोडीने सुवर्णपदक जिंकले. या वेळी कोणावर संशय घेण्याचेही कारण नव्हते. पॅरिस येथे २०२४ मध्ये लक्ष्य सेनने पहिला सामना जिंकला. प्रतिस्पर्धी केव्हिन कॉर्डन दुखापतीमुळे स्पर्धेतून बाहेर पडला आणि तो विजय नोंदींतून पुसला गेला. गटातील खेळाडूने माघार घेतल्यास त्याचे सर्व निकाल रद्द समजावेत, असा नियम आहे. इतर खेळाडूंवर अन्याय होऊ नये यासाठीच तो आहे. पण जिंकलेला सामना जिंकलाच नाही असे ऐकून घेणे खेळाडूस किती जड जात असेल, याची कल्पना करता येते.

मैदानाबाहेरचा दंड : मोमोता प्रकरण

दुसरे प्रकरण केन्तो मोमोता याचे. ३ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत इंडिया ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने व्हिक्टर अॅक्सेलसेन याला हरवले. त्या महिन्यात तो जागतिक क्रमवारीत दुसरा होता आणि रिओ ऑलिंपिकमध्ये जपानची मोठी आशा होता. त्याच आठवड्यात, तो व त्याचा ज्येष्ठ सहकारी केनिची तागो बेकायदेशीर जुगारअड्ड्यावर जात असत, हे उघडकीस आले. दोघेही एनटीटी ईस्टचे. जपानी संघटनेने तागोची नोंदणी अनिश्चित काळासाठी रद्द केली व मोमोतावर अनिश्चित काळाची स्पर्धाबंदी घातली. कंपनीने तागोला बडतर्फ केले, मोमोताला काही काळ कामावरून निलंबित केले. रिओ हुकले.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की मोमोताने कोणताही सामना विकला नव्हता. त्याच्या जुगाराचा बॅडमिंटनच्या निकालाशी संबंध असल्याचा आरोपही नव्हता. सामनानिश्चितीची प्रकरणे या खेळात घडलेली आहेत. २०१८ मध्ये मलेशियाच्या झुल्फाद्ली झुल्किफ्ली याच्यावर २० वर्षांची व तान चुन सेआंग याच्यावर १५ वर्षांची बंदी जागतिक महासंघाने घातली, ती त्यासाठी. मोमोताचा अपराध त्या जातीचा नव्हता. तरीही जपानमध्ये तो अत्यंत गंभीर मानला गेला, याचे कारण पूर्वी वर्णिलेल्या रचनेत आहे. तेथील खेळाडू कंपनीचा कर्मचारी असतो, कंपनीचे नाव अंगावर घालून खेळतो आणि कर्मचाऱ्याकडून अपेक्षित वर्तनाचे सर्व निकष त्याला लागू होतात. सामन्यातील शिस्त आणि नोकरीतील शिस्त यांत तेथे भिंत नाही.

हे योग्य की अयोग्य? प्रस्तुत लेखकाचे मत दुहेरी आहे. बेकायदेशीर अड्डा म्हणजे गुन्हेगारी टोळ्यांचा शेजार, आणि कर्जात बुडालेला खेळाडू सामना विकण्यास सहज बळी पडतो. म्हणून प्रतिबंधात्मक कठोरपणा समजू शकतो. परंतु बंदीची मुदत न सांगणे हे न्यायाच्या कल्पनेशी जुळत नाही. किती काळ थांबावयाचे हे ज्यास ठाऊक नाही, तो शिक्षा भोगत नसतो, मर्जीची वाट पाहत असतो. मोमोताची बंदी वर्षभरानंतर, मे २०१७ मध्ये उठली. क्रमवारीत तो शेकड्यांत घसरला होता. लहान स्पर्धांपासून त्याने पुन्हा आरंभ केला, सप्टेंबर २०१८ मध्ये तो जगात पहिला आला आणि २०१८ व २०१९ अशी सलग दोन वर्षे जगज्जेता ठरला. या पुनरागमनाचे श्रेय त्याचे आहेच. परंतु बंदीच्या काळातही कंपनीने त्याची नोकरी काढून घेतली नव्हती, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. जो दंड करतो तोच सांभाळतोही, असे हे नाते आहे. तागोच्या वाट्यास मात्र यातील पहिलाच भाग आला.

आपल्याकडे खेळाडूने अशा वेळी कोठे जावे? ऑगस्ट २०१३ मध्ये इंडियन बॅडमिंटन लीग भरली. पुण्याचाही एक संघ तीत होता. बंगळुरू येथील एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी ऐन वेळी बदली खेळाडू उतरवला, म्हणजे वाद सहभागाच्या नियमाचाच होता. ज्वाला गुट्टाच्या दिल्ली संघाने त्यास आक्षेप घेतला, आणि पुढे तिच्यावरच आजीव बंदी घालण्याची शिफारस राष्ट्रीय संघटनेच्या शिस्तपालन समितीने केली. ऑक्टोबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, निर्णय होईपर्यंत तिला खेळू द्यावे, असा अंतरिम आदेश दिला. त्याआधी २०१२ मध्ये महाराष्ट्राची दुहेरीतील खेळाडू प्राजक्ता सावंत हिला राष्ट्रीय शिबिरातील प्रवेशासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले होते. जपानमध्ये खेळाडू कंपनीच्या दारी, तर आपल्याकडे न्यायालयाच्या दारी. कोणते दार अधिक उघडे, हे प्रकरणागणिक बदलते. दोन्हीकडे खेळाडूच्या हाती स्वतःची प्रवेशिका नाही, एवढे मात्र समान आहे.

औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांपुढील पेच

आता हा विचार आपल्या अंगणात आणू. आंतरविद्यापीठीय स्पर्धांच्या पात्रता-नियमांनुसार खेळाडू पूर्णवेळ नियमित विद्यार्थी असावा लागतो. पूर्णवेळ नोकरी करणारा विद्यार्थी अपात्र ठरतो. नियमाचे मूळ समजण्यासारखे आहे. नोकरदार, पगारी खेळाडूंना नावापुरता प्रवेश देऊन चषक मिळवण्याचा मोह संस्थांना होतो, त्यास आळा बसावा.

चाकण, भोसरी, तळवडे या भागांतील विद्यार्थ्यांची स्थिती मात्र या नियमाच्या चौकटीत बसत नाही. दिवसा तासांना बसणारा आणि रात्रपाळीस कंत्राटी कामगार म्हणून यंत्रापुढे उभा राहणारा विद्यार्थी आपल्या प्रत्येकाच्या वर्गात आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे महाविद्यालयाच्या बॅडमिंटन संघाची जबाबदारी होती. संघातील सर्वांत चांगला एकेरी खेळाडू वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात होता आणि चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात ठेकेदाराकडे रात्रपाळी करीत होता. उपस्थिती पुरेशी होती, परीक्षेत तो उत्तीर्ण होत होता. पात्रतापत्रावर 'पूर्णवेळ नोकरीत नाही' या आशयाच्या मजकुराखाली सही करावयाची होती. आठ तासांची पाळी पूर्णवेळ नव्हे असे म्हणणे खोटेपणाचे झाले असते. दुसऱ्या बाजूस, त्याच्याकडे नियुक्तिपत्र नव्हते, कायम नोकरी नव्हती, उद्या ठेकेदाराने नको म्हटले तर तो कोणाचाच कर्मचारी नव्हता. लेखकाने सही केली नाही. "सर, कंपनीच्या मॅचमध्ये मला घेत नाहीत, कारण मी कंपनीचा नाही, आणि इथं घेत नाहीत, कारण मी कंपनीचा आहे," असे तो म्हणाला. त्यावर तेव्हा उत्तर सुचले नाही. आजही नियमाच्या भाषेत ते देता येत नाही. जपानमध्ये ज्या वेतनचिठ्ठीमुळे त्याला मैदान मिळाले असते, तीच येथे त्याच्या आड आली. आणि ती चिठ्ठीही ठेकेदाराच्या नावाची होती.

नियम मोडावा असे येथे सुचवावयाचे नाही. मात्र पगारी खेळाडू आणि पगार मिळवणारा विद्यार्थी यांत फरक करणारी तरतूद विद्यापीठाच्या क्रीडा मंडळांकडे मागणे शक्य आहे. पहिल्यास खेळण्यासाठी वेतन मिळते. दुसऱ्यास शिकण्यासाठी कमवावे लागते. 'कमवा व शिका' या योजनेचा वारसा सांगणाऱ्या विद्यापीठास हा भेद अवघड वाटू नये.

दुसरी बाब स्पर्धा-आयोजनाची आहे आणि ती पूर्णपणे आपल्या हातात आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा गटसाखळीने घ्यावयाच्या झाल्या, तर गटातील शेवटच्या फेरीचे सामने एकाच वेळी शेजारच्या मैदानांवर सुरू करावेत, म्हणजे कोणालाही दुसऱ्याचा निकाल पाहून आपला ठरवता येणार नाही. गटातील दुसऱ्या क्रमांकासाठी सोडत गटसाखळी संपल्यावर, सर्व संघव्यवस्थापकांच्या समक्ष काढावी. बरोबरी झाल्यास आधी काय मोजावयाचे आणि नंतर काय, हे पहिले फूल उडण्यापूर्वी फलकावर लावावे. माघार घेतलेल्या संघाच्या निकालांचे काय होणार, तेही तेथेच लिहावे. याला निधी लागत नाही. दोन मैदाने, एक फलक आणि चिठ्ठ्यांचा एक डबा पुरतो. गेल्या हंगामात आमच्या विभागाच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीचे दोन सामने सकाळी अकरा वाजता एकदमच सुरू केले, तेव्हा एका व्यवस्थापकाने दुसऱ्या मैदानावरील गुण कळावेत म्हणून एक विद्यार्थी मध्यभागी उभा केला होता. त्याला तेथून हलवावे लागले.